ठकूमावशीकडची लंगडी कोकरं

ठकूमावशींचे उपकार आधी लिहिते, बाकीचं मागून. कामथडीच्या ठकूबाई, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, वेल्ह्याच्या वरच्या वस्तीवरून खाली आलेल्या. त्यांनी मला माझी आई परत दिली. माझ्या नवऱ्याला आठ दिवस हाताने भाकर वाढली. आणि ज्या भीतीत आम्ही दोघं कित्येक महिने राहत होतो ती भीती कुणी आणि कशी घातली, हे मला दाखवलं. उपदेश केला नाही, कोकराचा पाय बांधता बांधता दाखवलं. मी सातवी शिकलेली बाई आहे, लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात मी जालन्याकडे माहेरी होते. आईच्या पायाला तेल लावत बसले होते, तेवढ्यात मोबाईल वाजला. मंगलचा, मावशींच्या सुनेचा. मंगल एरवी फोनवर आधी पाऊसपाण्याचं विचारते. त्या दिवशी ती नुसतं म्हणाली, "वहिनी, आत्याबाई गेल्या. चहा पिऊन भिंतीला टेकल्या त्या टेकल्याच..." मी म्हटलं, मी निघते. ती म्हणाली, "धावतपळत येऊ नका. दुपारी माती हाय, तुमी पोचायच्या न्हाई." आई ऐकत होती. तिने तेलाची वाटी बाजूला सरकवली आणि विचारलं, "ती मेंढरंवाली का गं माय?" मी मान हलवली. आईने आणि मावशींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. तरी आईने उजव्या हाताने पदर तोंडाला लावला आणि सख्ख्या बहिणीसाठी रडावं तशी रडली. मला रडू आलं नाही. जिच्यामुळे मी इथे आईपाशी बसले आहे तिच्या मातीला मी नाही, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

आम्ही कामथडीला आलो ते यांच्या कामामुळे. हे कापूरहोळच्या फाट्यावर ट्रक-टेम्पोच्या गॅरेजमध्ये लागले, मी तिथल्याच एका ढाब्यावर भाकरी थापायला. खोली मिळाली कामथडीत. खोलीच्या मागे बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं आणि त्यात पाच-सहा कोकरं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, ही म्हातारी जनावरांचा दवाखाना चालवते की काय, कारण एकही कोकरू धड चालत नव्हतं. मग मंगलने सांगितलं. मावशींचा मुलगा दिवाळी झाली की दोनशे मेंढरं घेऊन भोरवरून घाट उतरतो आणि कोकणात जातो, ते पावसाच्या आधी वर येतो. मंगल पोरांच्या शाळेसाठी मागे राहते. आणि ज्या कोकरांना ती चाल झेपणार नाही, दगडात अडकून पाय मोडलेली, आईने दूध तोडलेली, तीही मागे राहतात, मावशींपाशी. मावशींचे स्वतःचे गुडघे गेल्यापासून त्यांचीही चाल बंद झाली होती. "आमी समदी लंगडी हितं," म्हणायच्या, आणि स्वतःच हसायच्या.

पहिल्यांदा बोलल्या तेव्हा विचारलं, "कुठली गं तू?" मी म्हटलं, जालन्याकडची. "लई लांबनं दिली की तुला. हितं कोन हाय तुझं?" कुणी नाही, मी म्हटलं. "मंग आता म्या हाय. पर मिठाची वाटी घिऊन रोज उठून येऊ नगंस." आम्ही ख्रिस्ती आहोत हे त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरवरून कळलं. खांद्यावर कोकरू घेतलेल्या प्रभूचं चित्र होतं त्यावर. मावशी चित्रासमोर उभ्या राहिल्या, डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "कोकरू बरं धरलंय. काठी मातुर चुकलीया." एवढंच. पुढे कधी माझ्या देवाला नावं ठेवली नाहीत आणि स्वतःचा देव मला चिकटवायला गेल्या नाहीत.

माहेरची आमची मंडळी, म्हणजे चर्च, जुनी, आजोबांच्या वेळची, दगडी भिंतींची. इकडे आल्यावर मला रविवार नुसता रिकामा वाटायचा. ढाब्यावर रविवारी गर्दी, सुट्टी नाही, भोरपर्यंत उपासनेला जाणं जमत नव्हतं. हायवेलगतच्या एका हॉलमध्ये संध्याकाळी प्रार्थनेला लोक जमतात असं कळलं, आणि आम्ही जायला लागलो. तिथल्या पुढाऱ्यांना सगळे ब्रदर म्हणायचे. मीही इथे तेवढंच लिहिते. पहिल्याच रविवारी त्यांनी आमची नावं लक्षात ठेवली. मला ताप आला तर त्यांच्या बायकोने डबा पाठवला. मुलाच्या वाढदिवसाला सगळे आमच्या एवढ्याशा खोलीत आले, अर्धे दारात उभे. ज्यांना परमुलखात कुणी नाही त्यांना हे केवढं वाटतं, ते ज्यांची माणसं जवळ आहेत त्यांना नाही कळायचं. आणि ब्रदरनी पैशाचं नाव कधी काढलं नाही. काढलं असतं तर आम्ही सावध झालो असतो. लहानपणी आम्हाला खोट्या शिक्षकांची ओळख तशीच शिकवली होती, की ते लोभी असतात. हे लोभी नव्हते, म्हणून आम्ही डोळे मिटले.

त्यांच्या शिकवणीत वाकडं असं काही दिसायचं नाही. सगळं शास्त्रातलंच, बायबलातलंच वाटायचं, फक्त शेवटी एक छोटीशी भर असायची. देव आपला मेंढपाळ आहे, हे खरंच. मग त्याने प्रत्येकाला डोळ्यांना दिसणारा एक मेंढपाळ नेमून दिला आहे, ही भर. आईबापाचा मान राखा, हे खरं. मग, पण जे आत्म्याने मेलेत त्यांच्या शब्दावर चालू नका, ही भर. त्या नेमलेल्या मेंढपाळाला ते छत्र म्हणायचे. छत्राखाली राहा, कुठे जायचं, कुणाला भेटायचं ते छत्राला विचारून करा. आणि विचारलं तर ब्रदर कधी नाही म्हणायचे नाहीत. डोळे मिटायचे, बराच वेळ गप्प राहायचे... आणि मग मऊ आवाजात म्हणायचे, "मला शांती वाटत नाही, सिस्टर. पण तुमची मर्जी." ती मर्जी वापरायचा धीर कुणाला होत नसे. मी किती बायकांना कुठकुठली लग्नं, बारशी, मयती सोडताना पाहिलं. त्या सोडून आल्या की सगळे त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्या आहेत.

त्या वर्षी माहेरच्या मंडळीचा हंगामाचा सण आला. आमच्याकडे शेतातलं पहिलं पीक वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. आई दर वर्षी परसातला भोपळा नेते आणि तो कुणी घेतला हे वर्षभर सांगते. आम्ही न विचारता गेलो. दोन दिवस राहिलो, भोपळ्याची गंमत बघितली, परत आलो. चौथ्या दिवशी गॅरेजमध्ये टेम्पोखालचा जॅक सरकला आणि यांच्या नडगीचं हाड मोडलं.

भोरच्या दवाखान्यात गॅरेजच्या मालकाच्या आधी ब्रदर पोचले. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. यांचा हात हातात घेऊन त्यांनी एक गोष्ट सांगितली. एका मेंढपाळाचं एक कोकरू सारखं कळप सोडून जायचं. लांडगा खाईल, दरीत पडेल. मेंढपाळाचं त्याच्यावर फार प्रेम. शेवटी त्याने काय केलं? स्वतःच्या हाताने त्या कोकराचा पाय मोडला. मग त्यावर पट्टी बांधली, कोकरू खांद्यावर घेतलं, पाय जुळेपर्यंत खांद्यावरच वागवलं, हाताने चारलं. पाय बरा झाला तेव्हा त्या कोकराला मेंढपाळाच्या छातीच्या ठोक्यांची सवय झाली होती. ते परत कधी त्याला सोडून गेलं नाही. "देवाने तुमचा पाय प्रेमाने मोडलाय, ब्रदर," ते यांना म्हणाले. हे रडले. मी रडले. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा डोळे पुसत होती. इतकी गोड गोष्ट खोटी असेल असं मनातही येत नाही.

मग त्या गोष्टीने हळूहळू आमच्या घरात हातपाय पसरले. कोकरू खांद्यावर आहे तोवर त्याने खाली उडी मारायची नाही. माहेर म्हणजे तीच जुनी वाट, जिथून देवाने ओढून आणलं. मी आईचा फोन उचलायचा सोडला. मोबाईल वाजायचा, त्यावर आईचं नाव दिसायचं, आणि मी पीठ मळत राहायची. वाजायचा थांबला की जीव भांड्यात पडायचा. दोन महिने असे गेले असतील. मग भावाचा आवाज मोबाईलवर आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. आईला झटका आलाय, डावी बाजू गेलीय, तुझं नाव घेते, ये.

मी ब्रदरना विचारायला गेले. त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा म्हणाले, "मोठ्याचा पाय मोडून समजलं नाही, तर देव लहानाकडे वळतो. आपण प्रार्थना करू, की तशी वेळ येऊ नये." आमचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा. तो त्यांच्याच बायकोच्या मांडीवर बिस्कीट खात बसला होता. मी घरी कशी आले ते मला आठवत नाही.

संध्याकाळी मागच्या कुंपणात मावशी एका कोकराचा पाय बांधत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बरी आलीस, धर हे." मी कोकरू मांडीत घेऊन धरलं. त्या बांबूच्या पातळ कामट्या पायाला लावत होत्या. आईची गोष्ट मला बोलायची नव्हती, म्हणून दुसरं काहीतरी बोलायचं म्हणून, आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटेल म्हणून मी म्हणाले, "मावशी, आमच्यात तुमच्या धंद्याची एक फार सुंदर गोष्ट सांगतात."

"सांग की. हात हलवू नगंस फकस्त."

मी सांगितली, ब्रदर सांगतात तशीच, हळू आवाजात. अर्ध्यात आले तेव्हा मावशींचा हात थांबला. संपली तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या.

"कोन व्हता त्यो?"

"कोण?"

"त्यो मेंढक्या. नाव काय त्याचं? कुठल्या वस्तीवरचा?"

"तसं नाव नाही, मावशी. गोष्ट आहे ती."

"नाव न्हाई कसं? येवडं पाप केलं त्यानं आनि नाव न्हाई? आमच्यात कुनी असं केलं तर त्याच्या घरचं पानी पिनार न्हाई कुनी." त्या खरोखर चिडल्या होत्या. कुणीतरी त्यांच्या भावकीवर आळ घेतल्यासारख्या.

मी म्हटलं, प्रेमाने मोडतो तो, कोकरू जवळ राहावं म्हणून.

मावशींनी माझं बोट धरून कोकराच्या पायावर ठेवलं, जिथे हाड मोडलं होतं त्याच्या जरा वर. आतून धडधड लागत होती. "हे मोडताना कसं वरडतंय, ठावं हाय? त्याची माय दिसभर दूध सोडत न्हाई. आनि म्होरं? कळप चालनार, आनि ह्यो गडी मोडक्याला खांद्यावर घिऊन दोन म्हयनं नाचनार? बाकीची कोन राखंल, तुजा ब्रदर?"

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी. तरी मी हट्टाने म्हणाले, "पण बरं झाल्यावर ते त्याला सोडून जात नाही ना..."

मावशींनी चिंधीची शेवटची गाठ मारली. मग सावकाश म्हणाल्या, "त्याला भ्या वाटतंय, पोरी. ज्यानं मोडला त्योच पानी पाजतोय, त्योच चारतोय. त्ये जाईल कुठं?"

कोकरू माझ्या मांडीत गप्प पडून होतं. मी विचारलं, मग भटकणाऱ्या कोकराचं तुम्ही काय करता? "आदी त्याचं त्वांड उघडून बघती," त्या म्हणाल्या. "कळप सोडून जानारं जनावर बहुतेक दुखनाईत असतंय. नाकात किडं पडत्यात, कानात गोचीड असतीया. न्हाईतर त्याची माय मागं ऱ्हायलेली असती, तिला हुडकत जातंय." आणि बरं झालं की? "बरं झालं की कळपात. माझ्यापाशी ठिवून काय करू, त्याची पूजा करू?"

त्याची माय मागं ऱ्हायलेली असती... तिथे माझा बांध फुटला. कोकराच्या पाठीवर तोंड ठेवून मी रडले आणि सगळं सांगून टाकलं. फोन, झटका, लहानाचा पाय. मावशींनी ब्रदरबद्दल एक वाईट शब्द काढला नाही. कोकरू माझ्याकडून घेतलं, खाली ठेवलं, ते तीन पायांवर उभं राहतंय का बघितलं. म्हणाल्या, "तुज्या देवाचं मला ठावं न्हाई. कोकराचं ठावं हाय."

पुढचे तीन दिवस ढाब्यावरून आले की मी शास्त्र उघडून बसायची. मी सावकाश वाचते, अक्षराखाली बोट ठेवून. जिथे जिथे मेंढरं आहेत तिथे तिथे गेले. शंभरातलं हरवलेलं एक सापडलं. मेंढपाळ ते आनंदाने खांद्यावर घेतो, पाय मोडल्याचं कुठे नाही. संदेष्ट्यांच्या लिखाणात मेंढपाळांवर एक आख्खा अध्याय आहे, त्यात देव त्यांना रागावतो, की मोडलेल्यांना तुम्ही बांधलं नाही, हरवलेल्यांना शोधलं नाही, जुलमाने राज्य केलं. तो अध्याय मी तीनदा वाचला. आमच्या घरात शास्त्र लहानपणापासून होतं, आणि मी इतके महिने एका गोष्टीला भीत होते जी त्यात नव्हतीच. मी कधी उघडून बघितलं नव्हतं. गोष्ट रडवणारी होती, म्हणून ती तिथे असणारच असं मी धरून चालले होते.

रविवारी प्रार्थना झाल्यावर, लोक सतरंज्या गुंडाळत असताना, मी ब्रदरना विचारलं. ती गोष्ट कुठे लिहिलीय, मला सापडली नाही. ते हसले. म्हणाले, "हे अक्षरात शोधायचं नसतं, सिस्टर. आत्म्याने दिलेलं आहे." मग हसू तसंच ठेवून विचारलं, "कुणी घातलं हे डोक्यात? कुणाकडे बसता सध्या?"

सतरंज्या गुंडाळणाऱ्यांचे हात थांबले होते. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणाले, "कुणाकडे नाही. मीच वाचत होते."

इथे मी खोटं बोलले. त्यांनी काही मला मारलं नसतं. फार तर हसले असते, मेंढरं राखणाऱ्या अडाणी बाईकडून देवाचं शिकलीस का म्हणाले असते. ज्याच्या जन्माची बातमी रानातल्या मेंढपाळांना आधी कळली असं आम्ही दर नाताळला गातो, त्याच्या नावाने जमलेल्या माणसांपुढे मला मावशींच्या नावाची लाज वाटली. शास्त्रात प्रभूच्या एका शिष्याने, मी त्याला ओळखत नाही म्हणून, प्रभूला असंच नाकारलं होतं, तो बाहेर जाऊन रडला. मी घरी जाऊन डबा घासला.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून संशयाचा आत्मा निघून जावा म्हणून प्रार्थना केली. मी डोळे मिटून उभी राहिले.

घरी हेही मला माहेरी जाऊ देईनात. यांची श्रद्धा माझ्याहून जास्त, म्हणून भीतीही जास्त. "पोराला काही झालं तर?" एवढंच म्हणायचे आणि प्लास्टरकडे बघायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी फडक्यात भाकऱ्या बांधून आमच्या खोलीत आल्या, यांच्या खाटेपाशी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "जावई, पाय कुनी मोडला वो तुमचा?"

यांनी प्लास्टरवरून हात फिरवला. मग म्हणाले, "देवानं."

"देव गॅरेजात आलता व्हय? जॅक कुनी लावला व्हता?"

"मी."

"मंग?"

"खालची फळी घसरली. ऑईल सांडलं होतं."

"पुसायचं व्हतं मंग."

हे हसले. आधी नाकातून, मग मोठ्याने, पोट धरून. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मावशी माझ्याकडे वळल्या. "जा गं तू. पोराला संगं ने, आजीला बघू दे त्याला. हे लंगडं म्या सांभाळती. पाच हायतच, हे सहावं."

मी एसटीने स्वारगेट, तिथून पुढची गाडी, संध्याकाळी माहेरी. आईने मला ओळखलं. तोंड वाकडं झालं होतं, शब्द फुटत नव्हते, तरी पहिलं विचारलं ते, "माय, फोन का नाही उचललास?" भीती वाटत होती, एवढंच म्हणाले. तिने चांगल्या हाताने माझं डोकं जवळ ओढलं. मुलाला कुशीत घेतलं. त्याला काही झालं नाही. आठ दिवसांनी मी परत आले तर हे मंगलच्या पोरांना गणितं घालत बसले होते आणि मावशी त्यांना सांगत होत्या, "आता कळपात घालायला हरकत न्हाई ह्यास्नी."

आम्ही त्या मंडळीत जायचं सोडलं. भांडण नाही, काही नाही. काही दिवस रोज सकाळी मोबाईलवर ब्रदरची प्रार्थना यायची, मग ती बंद झाली. ज्यांनी तापात डबे आणले होते त्या बायका स्टँडवर मान फिरवायला लागल्या. ते फार लागलं. आजही मुलगा खोकला की मला आधी ब्रदरचे शब्द ऐकू येतात, विचार मागून येतो. भीती अशी एका दिवसात जात नाही. आता सुट्टी मिळेल तेव्हा आम्ही भोरच्या चर्चमध्ये जातो. तिथल्या पाळकांना मी एकदा काहीतरी अवघड विचारलं, तर ते म्हणाले, "मला नाही माहीत, बघून सांगतो." मला इतकं बरं वाटलं की मी काय विचारलं होतं तेच विसरले.

त्यानंतर दुपारच्या मोकळ्या वेळात मावशी मला म्हणायच्या, तुज्या पुस्तकातलं मेंढरांचं वाच. मी वाचायची, त्या कोकरांना पाला घालत ऐकायच्या. हरवलेल्या एकासाठी नव्व्याण्णव रानात सोडून गेला, हे ऐकून त्यांनी मला थांबवलं. "कुनाच्या भरोशावर सोडली? दुसरं कुनीतरी राखन आसनार. लिहायचं ऱ्हायलंय." आणि मेंढरं त्याचा आवाज ओळखतात, परक्याच्या मागे जात नाहीत, हे वाचलं तेव्हा मान डोलावत म्हणाल्या, "हे सांगनाऱ्यानं राखल्यात बग मेंढरं." कुणाची इतकी मोठी साक्ष मी कुठल्या मंडळीत ऐकलेली नाही.

मावशी गेल्यावर मी तिसऱ्या दिवशी कामथडीला पोचले. अंगणात बायका बसल्या होत्या, मी मंगलच्या शेजारी बसले. दिवस कलला तशी कोकरं उठली आणि दारापाशी येऊन उभी राहिली. या वेळेला मावशी पाल्याची फांदी घेऊन उंबऱ्यावर यायच्या आणि जिभेने टाळ्याला एक आवाज काढायच्या. मंगलने तसा आवाज काढून बघितला. कोकरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि परत उंबऱ्याकडे. "तीन दिस झालं, अशीच करत्यात," मंगल म्हणाली. मावशी आता कुठे आहेत, असं ब्रदरना विचारलं असतं तर त्यांनी लगेच सांगितलं असतं. मला माहीत नाही. ज्याने मोडलेल्यांना न बांधणाऱ्यांना रागे भरलं, त्याच्यावर मी ते सोडलंय. माझ्याकडून तेवढंच होतं.

परवा कापूरहोळच्या स्टँडवर शोभा भेटली. त्या मंडळीत माझ्या शेजारी बसायची. या वेळी तिने मान फिरवली नाही. तिच्या बहिणीचं लग्न आहे गावाकडे, आणि ब्रदरना शांती वाटत नाहीये. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "तू का गं सोडलंस? खरं सांग." मी सुरुवात केली, की रविवारी वेळच मिळत नाही... आणि मलाच माझा आवाज ओळखीचा वाटला. मी थांबले. म्हणाले, "शोभा, आमच्या मागे ठकूबाई म्हणून एक मेंढरं राखणाऱ्या होत्या. त्यांनी मला शिकवलं." तेवढ्यात तिची गाडी लागली. खिडकीतून ओरडून म्हणाली, येते मी तुझ्याकडे, सगळं सांग.

ती आली की मी तिला आधी मागच्या कुंपणात नेईन. पण एका शोभाला सांगून हे फिटत नाही. सतरंज्या गुंडाळताना ज्यांचे हात थांबले होते, ते सगळे अजून तिथेच बसतात आणि ती गोष्ट ऐकून रडतात. मावशी, मला अजून भीती वाटते. पण मी त्या हॉलमध्ये जाईन, उभी राहीन, आणि मला कुणी शिकवलं ते त्या सगळ्यांच्या पुढे, तुमचं नाव घेऊन सांगेन. कधी ते आज सांगता येत नाही. पण सांगेन.